टिटवीचा डाव

धर्मकाट्याच्या केबिनात
कापसाच्या गाड्या संपल्या की
रेवनाथ यान उडवतो.

मागं क्षेपणास्त्र लागतं. टिव् टिव् टिव्.
"सरळ पळू नोको," मला म्हणतो,
"सरळ पळते थो मरते.
तुरीतला ससा नाही पाह्यला?"

मग इंजिनच बंद.
यान तिरपं, एका पंखावर लोंबतं,
मेल्यासारखं.
शत्रू हावरटासारखा जवळ येतो
अन् भलताच पुढं निघून जातो.

"हे कोनं शिकवलं?"
"टिटवीनं. नाल्याच्या रेतीत अंडी होती तिची.
पंख मोडल्याचं सोंग करत
मले पार धुऱ्यापर्यंत नेलं तिनं.
अंडी राह्यली मांगंच."

लाइन जाते.
स्क्रीन काळी.
टिव् टिव् चालूच,
आता नाल्याकडून.
रेवनाथचं बोट
अजून डाव्या बाणावर.