आटे

जून महिना. नदीवरून बोचरं वारं.
फ्राय बेन्तोसमध्ये, मांसाच्या बंद कारखान्याच्या
धुराड्याखाली आमची शेड,
आणि शेडमध्ये, पोटातलं सगळं बाहेर काढून ठेवलेली
एका इंग्रज मॅनेजरची मॉरिस.
मॅनेजर गेला, कारखाना गेला.
गाडी राहिली बाबांकडे, थकलेल्या पगाराच्या बदल्यात.

इंजिन उतरवलं तेव्हा म्हटलं होतं, तीन आठवडे.
अंगणातल्या संत्र्याला आता दुसऱ्यांदा फळ आलंय.

गाडं अडलं ते एका बोल्टवर.
डोक्याला इंची पाना कसा चपखल बसतो,
म्हणून इंग्लंडहून इंची बोल्ट मागवले, बारा.
दोन वेढे गोडीत गेले, तिसऱ्याला हटून बसले.
मग मोन्तेविदेओहून मिलिमीटरचे आणले, आठचे.
तेही दोन वेढे. तेही तिसऱ्याला.
रात्री बल्बखाली जुन्या बोल्टवर
आटे मोजायची पट्टी टेकवली:
जाडी आठ, आटा एकाचा, बारीक.
इंग्रजांनी कधीकाळी फ्रेंच यंत्रं विकत घेतली,
यंत्रं पाडत राहिली त्यांच्याच मापाचे आटे,
आणि गिऱ्हाइकाचे पाने वाया जाऊ नयेत
म्हणून वर डोकी ठेवली इंग्रजी.
जन्मभर पोटात एक भाषा, टाळूवर दुसरी.

सहाव्या भोकात मात्र कुठलीच भाषा उरली नव्हती.
आट्यांचा पार भुगा.
कुणीतरी इंची बोल्ट, पान्याला लांब पाइप लावून,
रेटून रेटून आत घातलेला.
मी मान वर केली.
बाबा स्टुलावर. हातात येर्बा चहाचा भोपळा,
नळी ओठांत, नजर नदीकडे.
"सत्त्याहत्तर साल," म्हणाले,
"सुटे भाग कुठे मिळायचे तेव्हा.
आणि तुला तर त्याच रात्री यायचं होतं.
पाइसान्दूपर्यंत तुझी आई मागच्या सीटवर
माझ्या सात पिढ्या काढत होती."
घोट.
"पोचलो ना पण."
घोट.
"चाळीस वर्षं धरून होता तो."

मी काही बोलले नाही. भोक मोठं केलं,
ब्राँझची बुश ठोकली, तिच्यात नवे आटे पाडले:
एक वेढा पुढे, अर्धा मागे, तेल, परत.

पिस्टनची तऱ्हा वेगळी.
मूळ मापाचे मिळेनात. ब्राझीलच्या कुठल्याशा पंपाचे मिळाले,
व्यास तंतोतंत, उंची जराशी जास्त.
जराशी म्हणजे किती, ते बघायला
शेजारच्या एर्मिनियाच्या नातवाकडून
खेळायच्या मातीचा गोळा आणला,
पिस्टनच्या माथ्यावर थापला, हेड कसलं,
हाताने क्रँक फिरवला, दोन फेरे, श्वास धरून.
उघडलं. हिरव्या मातीत व्हॉल्व्हची कोर उमटलेली.
ब्लेडने कापून जाडी मोजली:
शून्य पूर्णांक नऊ. हवी दोन.
या दोघांचं नातं एवढंच, की
मिनिटाला हजारदा जवळ यावं
आणि एकदाही भेटू नये.

बाबा उठले. ट्रेमधला तो चिरडलेला सहावा बोल्ट
उचलला, फुंकर मारली, खिशात टाकला.
"किती कमी पडतंय?"
"एक पूर्णांक एक. उद्या लेथवर माथे घासते."
"मी असतो तर—"
"माहितीये, बाबा."