चौदांतली तेरा

दिब्ब्यातल्या त्या थेटरला छप्पर नव्हतं.
तीन भिंती, चौथी चुन्यानं पांढरी केलेली,
आणि वर जे काय असेल ते.
इशाची नमाज सुटली की खेळ सुरू.
पौर्णिमेला तिकीट निम्मं,
कारण उजेडात नायिका पुसून जायची,
नुसता आवाज उरायचा.

मी तिथला वायरमन. पगार नाही,
फ्यूज उडाला की चहा, आणि पहिल्या रांगेत खुर्ची.
मागे डोंगर, पुढे समुद्र.
वाळत घातलेल्या तारल्यांचा वास
नेमका प्रेमाच्या प्रसंगात यायचा.

मशीनवर अब्बास म्हसकर, श्रीवर्धनचे.
रिळं दुबईहून ट्रकनं, वाडीतून.
तिकडे वाडी म्हणजे कोरडी नदी, नुसते धोंडे.
निघायची चौदा, उतरायची तेरा.
मग म्हसकर मशीन थांबवून खाली येत,
भुवयांतली वाळू झटकत,
आणि हरवलेलं रीळ माइकवर सांगत.
थोडं हिंदी, थोडं अरबी,
बलुची मंडळींसाठी हातवारे,
आणि फारच भरून आलं तर आपली कोकणी,
ती मला एकट्यालाच कळायची.

त्यांच्या रिळात कुणी मरत नसे.
आईला औषध मिळे.
बोट दुसऱ्या दिवशी का होईना, लागे.
थोरल्याची मनीऑर्डर पोचे, सहीनिशी.
एकदा सालिम, जाळी विणणारा म्हातारा,
उठून म्हणाला,
आता पुढचं दाखवू नकोस.
आणि खरंच, दाखवलं नाही.
लोक चपला शोधत घरी गेले.

पुढे घरोघरी व्हिडिओ आला.
जोडणी तोडायला मलाच बोलावलं.
मीटर काढला, तिथं मागे
भिंतीचा पहिला निळा रंग चौकोनी उरला होता.
म्हसकर शारजाला फोटोच्या दुकानात लागले म्हणे.
त्यानंतर ठाऊक नाही.
आता तिथं सुपरमार्केटच्या गाड्या लागतात.
माझी खुर्ची अंदाजे चार नंबरच्या पट्ट्यावर.

एका रजेत, सावंतवाडीला,
पुतण्यानं कॅसेट लावली. तोच सिनेमा.
मध्यंतर झालं, आणि थोड्याच वेळात
आई गेली.
औषध होतं, पण मुलगा जिन्यातच.

मी म्हटलं, बंद कर, कॅसेट खराब आहे.
त्यानं ती बाहेर काढली,
आणि किती तरी वेळ
तिच्यावर फुंकर मारत बसला.