ज्याचा हात आधी

लाइट गेली. कूलरनं शेवटचा सुस्कारा टाकला,
आणि मोनिशनं पत्ते काढले :
लग्नपत्रिकांचे पाठकोरे पुठ्ठे,
त्यांवर स्केचपेननं ठोसे, लाथा, ढाली,
दोन पलट्या
आणि एकच 'गुरुजींना नमस्कार'.
तो पडला की सगळ्यांनी हात जोडायचे,
शेवटी जोडेल तो बाद.

पाळी नाही या खेळात.
ठोशावर ढाल, ढालीवर लाथ,
ज्याचा हात आधी त्याचं राज्य.

बाबांना मांडी घालता येत नाही.
गुडघा राहिला रेशीमबागेच्या मैदानात,
पोरांना कराटे शिकवता शिकवता.
खुर्चीतून वाकून खेळतात, पत्त्यागणिक हुंकार,
"कंबरेतून आलं पाहिजे बे, कंबरेतून!"
तोवर दुसऱ्याचा पत्ता पडलेला असतो.

आई म्हणाली, मला नाही समजत बाप्पा तुमचं हे,
आणि लाथ अडवली.
पलटी अडवली.
शेजारच्या तुळजाचे तीन ठोसे ओळीनं,
दूधवाल्याचा हिशेब सांगता सांगता.

कळमन्याच्या बाजारात अकरा हंगाम
संत्री निवडली तिनं.
हे पेटीत, हे रसाला, हे फेका,
अंगठ्यानं नुसतं दाबून.

मग तिनं नमस्कार टाकला.
मोबाइलच्या उजेडात आमचे हात खटाखट जुळले.
बाबा तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"बाद!" मोनिश ओरडला.
त्यांनी सावकाश हात जोडले,
सोडलेच नाहीत.

लाइट आली. कूलरच्या वाऱ्यानं
सगळे ठोसे उडून दिवाणाखाली गेले.
"मांडा परत," बाबा म्हणाले.
"आधी त्याच्यात पाणी टाका कोणी," आई.