खाली

आदमच्या पुढे रस्ता संपत नाही,
कंटाळतो.
तिथे अठ्ठावीस छत्र्या उभ्या केल्या मी,
पाऊस नसलेल्या मुलखात.

डिशला आमच्याकडे छत्रीच म्हणतात.
हे सांगितलं तेव्हा डॉक्टर शैमा अल-हिनाई
पहिल्यांदा हसल्या.
म्हणाल्या, नाव बरोबर आहे,
फक्त तू ती उलटी धरलीयस.

चौदा वर्षं रुवीत, कॅम्पांच्या गच्च्यांवर
उपग्रहाकडे तोंड करून उभा होतो.
पान्याचा पाव फेरा डावीकडे, पाव उजवीकडे,
खालून कुणीतरी ओरडायचं : आलं, आलं… गेलं!
अर्धा अंश चुकला
की बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा
चौकोनाचौकोनांत फुटायचा,
आणि बारा नंबरच्या खोलीत
कांदा चिरणारे हात थांबायचे.

इथे बाई म्हणाल्या,
तांडेल, जिथे काहीच नाही तिकडे वळव.
हाताला ते पटेना.
पाना आपसूक उपग्रहाकडे जायचा,
सुटलेला बैल गोठ्याकडे जातो तसा.

मग त्यांनी चहा ढवळत सांगितलं :
फार लांबून एक कण येतो, एकटा.
कधी निघाला, कुणी हाकलला, ठाऊक नाही.
हवेच्या उंबऱ्याला ठेचकाळतो, फुटतो,
तुकड्यांचे पुन्हा तुकडे,
कोटी कोटींची सर कोसळते,
आपल्या आरपार जाते
आणि कुणी भिजत नाही.
जाता जाता हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात,
नायट्रोजनला धडकून दचकतात,
आणि दचकताना कुजबुजतात
तुझ्याच चॅनेलांच्या पट्टीत.
निळसर उजेड शोधणाऱ्या दुर्बिणींना अमावास्या लागते.
ही कुजबुज भर दुपारीही ऐकू यावी.
*यावी*, त्या पुन्हा म्हणाल्या,
आणि चमचा बशीत ठेवला.

छत्रीला जून महिन्यातही आकाश थंडगार लागतं.
गरम ते सगळं तिच्या कानाशी गुणगुणतं :
वाळू, कुंपणापलीकडचा उंट, मी.
समोरून गेलो की पडद्यावरची रेषा चढते.
बाजूला हो, तीनशे दहा केल्विन, बाई ओरडतात.
घरी कुणी मला इतकं मोजून हाक मारली नव्हती.

एकदा रेषेने उडी घेतली.
बाई अनवाणी धावल्या.
केबिनमध्ये पहारेकरी गुलमीर
बिजागरी सुटलेल्या ओव्हनमध्ये
कालची रोटी गरम करत होता.
आम्ही तिघांनी ती वाटून खाल्ली.

जमिनीवरच्या पत्र्यांना कळतं सर येऊन गेल्याचं.
दूरदूरचे पाच-सहा पत्रे एकाच क्षणी टिपतात.
मग बाई छत्र्यांची नोंद उघडतात,
त्या सेकंदाचा लाखावा तुकडा ताणून बघतात
आणि वहीत अरबीत लिहितात.
तो एक शब्द आता मला वाचता येतो : नाही.
एक्केचाळीस वेळा.
अक्षर अजून बिघडलेलं नाही.

आचऱ्याहून शेवंती विचारते,
आता कुठलं चॅनेल लावताय तिथे?
मी म्हणतो, अजून लागलं नाही.
पगार लागतो ना?
लागतो.
मग लावत राहा.

दक्षिणेला रब-अल-खाली सुरू होतं.
अरबीत खाली म्हणजे रिकामं, बाई सांगतात.
आमच्यात खाली म्हणजे
वरून सुटलेलं जिथे येऊन पोचतं ते,
मी सांगतो.
त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग वही उघडून
मला तो शब्द देवनागरीत लिहायला लावला,
तारखेच्या शेजारी, समासात.

बेचाळिसाव्या वेळी सतरा नंबरच्या छत्रीत
एक उंचवटा होता,
मुंगीने पावलाखाली घ्यावा एवढा.
बाईंनी *नाही* लिहिलं नाही.
*आहे*ही लिहिलं नाही.
पेन टोपण न लावता ठेवलं
आणि नमाजाला गेल्या.

मी बाहेर आलो.
सतराची पकड तपासली, नट घट्टच होता.
रात्रीच्या वाऱ्याने तिच्या पोटात
वाटीभर वाळू आणून ठेवली होती.
छत्री कलंडवली.
वाळू सरसरत गेली खाली,
आणि छत्री झाली
खाली.