सेट-टॉप बॉक्सवरचं ऊन

जानेवारीत भुसावळलाही थंडी पडते,
हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही.
त्यांच्या मते आम्ही बारा महिने तव्यावर.
यंदा क्वार्टरच्या फरशीवर पाय टेकवत नव्हते
आणि मला हवे होते तीस अंश,
रात्रंदिवस, न चुकता,
आठ बियांसाठी.

बिया नयनमणीच्या.
लमडिंगहून बदलून आलेल्या
सिग्नलवाल्या हजारिकाची बायको,
दोन वर्षं समोरच्या दारात.
तिला मराठी येईना, मला आसामी,
हिंदी दोघींचीही लंगडी,
तिची डाव्या पायाने, माझी उजव्या.
मी तिला भरीत नेऊन दिलं,
लवंगी मिरची सढळ हाताने ठेचलेली.
तिनं खाल्लं, बोटं चाटली,
आणि विचारलं, मिरची घालायची विसरलीस का?

माझं माहेर नंदुरबारचं.
पथारीवर नजर जाईल तिथवर लाल वाळत असायचं,
त्या खकाण्यात शिंकत शिंकत मी बाराखडी शिकले.
मिरचीवरून मला बोलणारी
ही पहिलीच.

सामानाचा ट्रक भरताना तिनं मुठीत पुडी कोंबली
आणि बोट नाचवून म्हणाली,
धीरे. बहुत धीरे.

धीरे म्हणजे किती ते नंतर कळलं.
मेथी तिसऱ्या दिवशी डोकं काढते,
गवार पाचव्या.
ही मंडळी तीन आठवडे गप्प.
दह्याचा डबा, ओला कापूस, वर झाकण,
आणि डबा सेट-टॉप बॉक्सवर,
जो टीव्ही बंद असतानाही
तापाच्या पोरासारखा कोमट असतो.
पारोळ्याची आत्या आली, चष्मा सावरत म्हणाली,
"हाई काय शे व, टीव्हीना डोकावर?"
म्हटलं, पेशंट आहेत.

बाविसाव्या दिवशी एक निघाली.
बीचं टरफल डोक्यावर तसंच घट्ट,
हेल्मेट अडकलेल्या पोरासारखी.
थुंकी लावली, वाट बघितली,
मग टाचणीने, श्वास रोखून, सोडवलं.
आठातल्या तीन आल्या.
एक माझ्याच बोटाखाली मोडली.

दोन.

एप्रिलमध्ये सगळं उलटं झालं.
जे ऊन मी डब्यात जपून ठेवत होते
ते दारात येऊन उभं, सेहेचाळीस अंशांचं,
आणि फुलं गळायला लागली
देठासकट, आवाज न करता.
मग खिडकीला हिरवं नेट,
कुंड्या कूलरजवळ, पण झोताच्या बाहेर,
आणि रात्री अकराला मुलीचा रंगाचा ब्रश
ह्या फुलातून त्या फुलात.
नवरा मालगाडी सोडून आला, दारातच थांबला,
काय चाललंय विचारलं नाही,
लाइट तेवढा माझ्याकडे वळवला.
तिसऱ्या मजल्यावर भुंगे येत नाहीत.

पावसाळ्यात पहिलं फळ धरलं.
सुरकुतलेलं, जन्मतःच म्हातारं,
आधी हिरवं, मग बरेच दिवस
काही ठरवता न येणारं केशरी,
मग असं लाल
की पथारीवर लाखात टाकलं असतं
तरी बापूंनी लांबून ओळखलं असतं.

नखाएवढा तुकडा, कळण्याच्या भाकरीवर.
दुपारी, घरात कुणी नसताना.
पहिली दहा सेकंदं काहीच नाही.
पिकल्या पेरूसारखा वास फक्त.
वाटलं, नयनमणी, हेच ना ते?

मग कान.
आधी कानच, कसं काय कोण जाणे.
मग टाळू, मग मानेमागून कुणीतरी
शेगडी सरकवत आणल्यासारखं,
आणि मला माझ्या दातांची मुळं
एकेक करून मोजता आली.

मी फोन लावला.
ती हॅलो म्हणाली.
मला जमलं ते एवढंच: हा. हा. स्स्स्.
पलीकडे शांतता.
मग हजारिकाला हाक,
मग हसणं, दोघांचं, मागे पत्र्यावर पाऊस,
आणि त्यातून तिचा एकच शब्द मला कळला,
दही, दही.

वाटी घेऊन मी ऐकत बसले.

रात्री विसरून डोळा चोळला.
दुसऱ्या झाडावर अजून चार आहेत.