प्लॉट क्रमांक सतरा, खोतीगाव

वादळानंतर नवव्या दिवशी मी इथे आले,
हातात टेप, पिशवीत अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या,
आणि वहीत दोनच रकाने: जिवंत, मृत.

माट्टी, घेर दोनशे दहा, शेंडा नाही. मृत.
किंदळ, मुळासकट आडवा. मृत.
जांभा, मधोमध चिरलेला,
चिरेतून आतलं तांबडं लाकूड दिसत होतं,
ओलं. मी दोनदा पाहिलं.
मृत.
कुष्टा वेळीप कोयत्याने वाट काढत पुढे चालला होता,
मागे न वळता म्हणाला,
"बाये, झाड इतक्या बेगीन मरना."
मी तारीख घातली, सही केली.

पहिल्या वर्षी इथे नुसता उजेड आला.
जिथे कवडसाही पडत नसे
तिथे भर दुपार येऊन बसली पाय पसरून,
तिच्यामागे रानमोडी,
मग चांदाडा, थोराड पानांचा, घाईतला.
ऑफिसात कुणीतरी अकेशिया लावायचं काढलं.
फाईल कुठेतरी अडकली.
बरं झालं.

आज सहा वर्षांनी टेप तीच,
पहिले दहा सेंटिमीटर पुसलेले.
माट्टीच्या तुटक्या खांद्यातून नऊ फांद्या सरळ वर,
आणि माझी चकती
सालीने निम्मी गिळलेली.
नंबर लागत नाही.

झाड जखम भरत नाही, हे मला परीक्षेपुरतं ठाऊक होतं.
मोडलेलं आत मोडलेलंच राहतं,
ते फक्त त्याच्याभोवती नवं लाकूड गुंडाळत जातं.
त्या काठावरून बोट फिरवलं,
ओठासारखा जाड, गार.
जांभ्याची चीर अजून उघडीच आहे,
हात कोपरापर्यंत आत जातो,
भुसा येतो मुठीत,
आणि वर, डोक्यावर, कोवळी लालसर पालवी.

किंदळ मात्र खरंच गेला.
त्याच्या पाठीवर अळंबी, वाळवी,
आणि वीतभर नाण्याचं रोप,
ज्याच्यासाठी वहीत ओळ नाही.

कुष्टा आता निवृत्त. चहा डाव्या हाताने पितो,
उजवा त्याच रात्री घराच्या वाशाखाली सापडला होता.
"कितलीं मेलीं?" त्याने विचारलं.
"एक."
"बरय. पेन्सिलीन."

मी टेप गुंडाळायला घेतली.
ओली होती, पानं चिकटली होती,
एकेक सोडवत बसले.