अकरा शब्द

बुधवारी दुपारी आला पोरगा, पाठीला सॅक,
अशोक चौकातनं तीनदा फोन, गल्ली सापडेना म्हणून.
मी बनियनवर होतो, शर्ट चढवला.
सुनेनं चहा ठेवला, तासाभरानं परत ठेवला.

राजेशम इप्पलपल्ली.
आडनाव तीनदा लिहून घेतलं त्यानं,
"पला प जोडून ना, काका?"
बरं वाटलं. इतकी काळजी
या आडनावाची बँकेनंसुद्धा केली नाही कधी.

मग बोललो. अडीच तास.
मोर आधी ग्राफ कागदावर उतरतो, चौकोनाचौकोनानं,
मग कार्डं पाडायची. भोक तिथं धागा वर,
नाही तिथं खाली. चादरीला कधी बाराशे कार्डं, कधी दोन हजार,
दोऱ्यानं ओवून माळ करून मागाच्या डोक्यावर चढवायची.
एक जरी उलटं लागलं
तर मोराच्या मानेला गाठ येते
आणि सगळा लॉट गाठीचा निघतो.
निघालाय असा माझ्या हातनं, एकोणऐंशी साली.
त्या रात्री अंजम्मा सिव्हिलमध्ये होती,
पहिलं बाळ. राहिलं नाही.
हे मालकाला सांगितलं नव्हतं. नंतरच्या पोरांना पण नाही.
याला सांगितलं.
बिदरला म्हणा, लातूरला म्हणा,
कुणीतरी अजून तो वाकड्या मानेचा मोर पांघरून झोपत असेल.
"रेकॉर्ड होलालंय काका, बोला तुम्ही."

रविवारी छापून आलं:
"पूर्वीचे दिवस आता राहिले नाहीत,"
असे एका वृद्ध यंत्रमाग कामगाराने सांगितले.

मोजले. मोजताना मी तेलुगूतच मोजतो.
ओकटी, रेंडू... पदकोंडू.
अकरा. त्यातले पाच माझे म्हणे.
तेही मी बोललेलो नाही!
पूर्वीचे दिवस वाईट होते,
हेच तर सांगत बसलो होतो चहा गार होईपर्यंत.
आणि मागावर मी आयुष्यात एक दिवस उभा राहिलो नाही,
मी कार्डवाला.
वृद्ध, ते असू दे.
फोटो होता. यंत्राचा.
कडेला एक कोपर. ते माझं.
खाली पाव पान जाहिरात,
मिंक ब्लँकेट, एकावर एक मोफत.

समोरचा बूरा ओरडला, "पेपरात आलास की रे!"
कोपर ओळखलं त्यानं, खोटं कशाला बोलू.

फोन लावला. उचलला बिचाऱ्यानं.
"काका, जागाच नव्हती. ऐनवेळी जाहिरात आली, वरनं कापलं."
असेल. त्याच्याही माळेतली कार्डं
कुणीतरी उपसून काढत असेल रोज रात्री.
"आणि ते रेकॉर्डिंग?"
"मेमरी फुल झाली हो. उडवलं."

म्हणजे अंजम्माची ती रात्र
परत माझ्या एकट्याकडं आली.
पेपर घडी करून ठेवला.
सून भाकरी थापता थापता म्हणाली,
दोनदा चहा केला होता मी,
ते तरी लिहायचं.